परड्यामागची दरड

पळसदरी
सोमवार, १२ मे

भाविके,

पत्राच्या वर आशीर्वाद लिहायची पद्धत आहे. पण माझे आशीर्वाद तुला चालतात की नाही ते विचारल्याशिवाय कसे लिहू? ती ओळ मोकळी सोडली आहे.

हा पत्ता तुझ्या बापाकडून काढला. प्रवीण देत नव्हता. "आये, तिनं सांगितलंय, आजीला देऊ नको." म्हटलं, तुला नऊ महिने पोटात वागवला तेव्हा मी कोणाला विचारलं होतं का? टाक पत्ता. टाकला बिचाऱ्याने. त्याच्यावर रागावू नकोस. त्याला माझ्यापुढे उभं राहता येत नाही, म्हणून तर तो खालापूरला राहतो.

फोन तू घेत नाहीस. प्रवीण म्हणतो, आसामात तुमच्या जंगलात रेंज नाही. त्याला लागते, मला लागत नाही, अशी ती रेंज. म्हणून कागद घेतला. चौथीपर्यंत शाळा, त्यातली अर्धी म्हशीमागं. गुरुजी सांगायचे, बोलताना 'हाय' म्हणा, लिहिताना 'आहे' लिहा, आणि न लिहिणाऱ्याला छडी. तेवढं राहिलं. बाकीच्या चुका पोटात घाल.

तू गेलीस तेव्हा माळ्यावर तुझा जुना कॅमेरा राहिला. ज्याचं झाकण दोऱ्याने बांधलेलं आहे तो. चैत्रात माळा झाडताना हाताला लागला. भिसेगावात नवीनचं फोटोचं दुकान आहे ना, त्याच्याकडे नेला. तो म्हणाला, चालू आहे, आजी, विकायचा आहे का? मी म्हटलं, शिकायचा आहे. तो हसला. मी हसले नाही, तेव्हा त्याने हसणं थांबवलं आणि शिकवलं. हे बटण चालू, हे लांबचं जवळ आणायचं, हे दाबायचं. बाकीच्यांना हात लावायचा नाही. स्वयंपाकघरात नव्या सुनेला सांगतात तसं.

सोबत एक फोटो आहे. बुलबुल आहे. डाव्या कोपऱ्यात जे काळं दिसतं ती त्याची शेंडी. बाकीचा बुलबुल फोटोच्या बाहेर आहे.

आता मुद्द्याचं. पाऊस महिन्यावर आला. पावसाबरोबर तुझा तो तिबोटी खंड्या येईल. मुठीएवढा पक्षी, पिवळं पोट, निळे पंख, तांबडी चोच, आणि मिजास जिल्हाधिकाऱ्याची. गेल्या वर्षी त्याने आपल्या परड्यामागच्या दरडीत बीळ पाडलं आणि तू दोन महिने छत्री घेऊन चिखलात बसलीस. बीळ पाडण्यापासून पिल्लं उडेपर्यंत सगळं वहीत लिहायचं, सगळ्याचे फोटो काढायचे. सगळे काढलेस. शेवटचा राहिला, पिल्लू बिळातून बाहेर पडतानाचा. कारण त्याच्या आधी घरटं मोडलं.

गौरीच्या सारवणाला दरडीची तांबडी माती काढायला गेले आणि कुदळ लागली. हे मी तेव्हाही सांगितलं, आताही सांगते. त्या दरडीची माती माझ्या सासूपासून काढतो आपण. तू एक शब्द बोलली नाहीस. भांडली असतीस तर बरं झालं असतं, भांडणात मी तुला हरवलं असतं. बारा दिवसांनी बॅग भरलीस आणि गेलीस. तुझी आई वारली तेव्हा सहा वर्षांची होतीस, तेव्हापासून ह्या घरात वाढलीस, आणि जाताना "येते" सुद्धा म्हणाली नाहीस.

तर मी असं ठरवलं आहे. यंदा तो पक्षी आला तर त्याच्यावर नजर ठेवून मी बसेन. राहिलेला फोटो काढून तुला पाठवीन. मग तू उत्तर लिही. उत्तर चार ओळींचं असलं तरी चालेल. शिव्या असल्या तरी चालतील, शिव्या मीच शिकवल्या आहेत.

आजी


रविवार, १ जून

भाविके,

उत्तर आलं नाही. टपालवाल्याला विचारलं तर म्हणतो, आसामला पत्र पोचायलाच आठ दिवस लागतात. त्याला म्हटलं, वीस झाले. तो म्हणाला, पोचलं असंल हो आजी, लिहिणाऱ्याला येळ नसंल. फार तोंड सुटलंय त्याचं.

सोबत तीन फोटो. पहिला तांबट. तो आंब्यावर बसून दिवसभर टुक टुक करतो, भांड्याला ठोके मारल्यासारखा. दिसत मात्र नाही. फोटोतही दिसत नाही, पण मी सांगते, आहे. दुसरा दयाळ, हा बरा आला आहे. तिसऱ्यात शेपूट आहे, कोणाचं ते तू सांग.

नवीनने छापून देताना विचारलं, "आजी, ह्याच्यात पक्षी कुठं हाय?"

"तुझ्या डोळ्यांत मोतीबिंदू हाय का रं? ती शेपटी बघ की."

"नुसत्या शेपटीचा फोटो कोण छापतं?"

"पक्षी उडाला, शेपटी ऱ्हायली. जे ऱ्हायलं ते छापायचं."

त्याने फोटो पाकिटात घातले.

तू म्हणायचीस ते आता कळतं. फोटो बोटाने निघत नाही, बुडाने निघतो. बसावं लागतं. मी विहिरीच्या कठड्याजवळ पाट टाकून बसते, समोर जुन्या घमेल्यात पाणी ठेवते. पहिले दोन दिवस एक चिमणी आली नाही. तिसऱ्या दिवशी कळलं की मी बडबडते आहे. कोणी नसताना. "ये गं, नाही येत तर मर." असं चाललेलं. तुझ्या आजोबांना मी गप्प बसवलं, तुझ्या बापाला बसवलं, स्वतःला बसवायला बहात्तरावं लागलं.

आता येतात. बुलबुल, होला, साळुंक्या, एक नाचण नावाची बाई आहे ती शेपटीचा पंखा करून मिरवते. दुपारी सातभाई येतात. सात जण, सगळे एकमेकांच्या अंगावर ओरडत, पण पाणी प्यायला बसतील तर खांद्याला खांदा लावून. भाऊबंदकी करावी तर अशी. एकटा सातभाई मी अजून बघितला नाही. एकटा असला तर त्याला काय म्हणत असतील?

प्रवीण मागल्या रविवारी आला होता. "आये, तू चल आता खालापूरला. इथं एकटी पडशील-झडशील, कोणाला कळायचं पण नाय."

"तिकडं काय हाय?"

"सगळं हाय. लिफ्ट हाय. खिडकीतून एक्सप्रेसवे दिसतो."

"मग तू तोच बघत बस."

तो जेवला आणि गेला. डबा विसरला, तो पुढच्या खेपेला नेईल. मी मुद्दाम आठवण केली नाही.

शेजारची जनी हल्ली कमी येते. आली तरी पडवीच्या पायरीवरूनच बोलते. तिला काय झालंय ते मला माहीत नाही, आणि असलं तरी कागदावर लिहायचं कशाला.

एक गोष्ट. तुझ्या कॅमेऱ्यात एक हलता फोटो राहिला आहे, आवाजासकट. बटण चुकून दाबलं गेलं तेव्हा सापडला. दरड दिसते, पाऊस दिसतो, आणि मागून तुझा आवाज, दबका. "आजी, गप बस ना. आली बघ, आली." मग माझा आवाज, "कुठं? मला तर काय दिसत नाय." मग तुझं हसणं. एवढंच आहे. मी ते दिवसातून एकदा लावते. दोनदा लावते.

आजी


मंगळवार, २४ जून

भाविके,

आला.

शनिवारी सकाळी भांडी घासत होते. परड्यातून काहीतरी सपकन गेलं, गुडघ्याच्या उंचीवरून. वाटलं, कोणी पिवळा चेंडू मारला. मग आवाज, ची ची, सुई टोचल्यासारखा. राख लागलेल्या हातांनीच उठले. दरडीच्या मुळाशी करवंदीची फांदी लोंबते ना, तिच्यावर बसला होता. बसल्या बसल्या मान वर-खाली करत होता, मास्तरासारखी. मी जागची हलले नाही. गुडघा कुरकुरला, त्यालाही दाबलं.

दुसऱ्या दिवशी दोघं. नर कोण, मादी कोण ते मला कळत नाही. जे जास्त काम करतं ती मादी असेल. उडत यायचं, दरडीवर चोच आपटायची, माती पडली की मागं जायचं, परत यायचं. एवढ्याशा चोचीने कुदळीचं काम. जुन्या जागेवर नाही. तिथून दोन हात डावीकडे, वर, जिथं माझा हात पोचत नाही.

फोटो काढला नाही. तूच म्हणायचीस, बीळ पाडताना जवळ जायचं नाही, जोडी सोडून जाते. पक्ष्याने मान वळवून आपल्याकडे बघितलं की समजायचं, आपण चुकलो. मी गोठ्याच्या दारातून बघते, गोणपाट आडवं बांधून. चाळीस पावलं लांब आहे, मोजली.

आता तक्रार सांगते. हर्षद माहीत आहे ना, तो मुंबई-पुण्याची माणसं जीपमधून फिरवतो, पक्षी दाखवायला. त्याला कुठून वास लागला कोण जाणे. काल सकाळी परड्यात हजर. मागं तीन माणसं, एकेकाच्या गळ्यात तोफ. झाडाच्या पानांचे कपडे घातलेले. माणसांपासून लपायला घालतात की पक्ष्यांपासून, कोण जाणे.

"आजी, खंड्या हाय ना तुमच्या दरडीत?"

"खंड्या? कोंबड्या हायत. काढा फोटो. अंडी बी देते."

"मस्करी नको ना आजी. धा मिनटांत जातो आमी. तुमाला कायतरी देऊ की."

"मला काय देतोस? दात दे, दोन पडलेत."

ती माणसं हसली. तेवढ्यात ह्या शहाण्याने खिशातून मोबाइल काढला, करवंदीखाली दगडावर ठेवला आणि बटण दाबलं. मोबाइलमधून तोच आवाज, ची ची. दुसरा कोणी आपल्या जागेत घुसला असं त्या पक्ष्याला वाटलं. काम सोडून आला. त्या दगडाभोवती फिरायला लागला, वेड्यासारखा. इकडून तिकडे, तिकडून इकडे, ओरडून ओरडून घसा कोरडा. आणि त्या तिघांच्या तोफा कडकड कडकड.

तुला माहीत आहे, सकाळी माझी शेणकाल्याची बादली भरलेली असते.

पहिली बादली हर्षदवर गेली. दुसरी तोफांवर जायची होती, पण लोकं चपळ निघाली. जाता जाता त्याला विचारलं, "मेल्या, तुझ्या बायकोचा आवाज मोबाइलवर लावून तुला कोणी असा रस्त्यावर नाचवला तर कसं वाटंल रं?" तो म्हणाला, "आजी, पक्षी हाय तो, त्याला काय कळतंय." म्हटलं, "तू माणूस हायस, तुला काय कळतंय?"

जीप गेली. पक्षी तासभर त्या दगडाजवळच होता. आवाज बंद झाला तरी शोधत होता. मग दुपारी कामाला लागला.

संध्याकाळी कॅमेरा हातात घेतला आणि तो तुझा हलता फोटो लावला नाही. आजही नाही.

उत्तर नाहीच. हे तिसरं पत्र आहे. तुला मिळत नसतील असं मी स्वतःला सांगून बघितलं, पण प्रवीणच्या तोंडून निघून गेलं की तू त्याला फोनवर विचारलंस, "आजीनं कॅमेऱ्याचं झाकण बदललं का?" म्हणजे वाचतेस. नाही बदललं. दोरा आहे, चांगला आहे.

आजी


मंगळवार, २९ जुलै
नागपंचमी

भाविके,

आज सकाळपासून गोठ्याच्या दारात बसले आहे. कागद मांडीवर घेऊन तिथूनच लिहिते आहे. पिल्लं बिळात आहेत, अंडी आठवड्यापूर्वी फुटली असतील. कारण तेव्हापासून दोघंही तोंडात काहीतरी घेऊन आत जातात आणि रिकाम्या तोंडाने बाहेर येतात. सरड्याची पोरं, कोळी, ओढ्यातला बारका खेकडा. काल पाल आणली, ती त्या पक्ष्याच्याच एवढी होती. दगडावर आपटून आपटून मऊ केली आणि मग नेली. आज सात वाजल्यापासून दुपारपर्यंत एकवीस खेपा. तुझ्या बापाने मला जन्मात एकवीस वेळा जेवण आणून दिलं नाही.

आज स्वयंपाक नाही, चूल उकडण्यापुरती. सकाळी जनीने हळदीच्या पानातले पातोळे आणून दिले. पायरीवर ठेवले. मी म्हटलं, आत ये की. तर ती म्हणाली, "सोनुबाय, गेल्या पंचमीचं इच्यारलं तवापास्नं तू माज्याशी नीट बोलत नायस. मी कशाला आत येऊ?" आणि गेली.

तिने काय विचारलं होतं ते तुला सांगायचं आहे. सांगायचं म्हणून आज तारीख बघून बसले.

पंचमीला आपल्याकडे काय करत नाहीत, ते तुला मी लहानपणी पाठ करून घेतलं होतं. चिरायचं नाही. तव्यावर भाजायचं नाही. नांगर धरायचा नाही. मातीत कुदळ मारायची नाही, खाली नागाचं बिऱ्हाड असतं. सबंध गावात त्या दिवशी एक कुदळ हलत नाही. ज्यांचा देवावर विश्वास नाही तेही हलवत नाहीत, शेजारी बोलतील म्हणून.

गेल्या वर्षी घरटं मोडलं तो शुक्रवार होता, ९ ऑगस्ट. पंचमी होती.

गौरीला तेव्हा महिना होता. सारवणाची माती कोणी महिना आधी काढत नाही, आणि पंचमीला तर कोणीच काढत नाही. जनीने मला दरडीवर बघितलं. ती कुंपणाशी आली आणि म्हणाली, "सोनुबाय, पंचमीच्या दिशी कुदळ कशापायी गं?" मी तिला म्हटलं, "तुझ्या घरचं बघ." तिने बघितलं. तिने कोणाला सांगितलं नाही. जनीचं तोंड माझ्यापेक्षा चांगलं आहे.

कशापायी ते लिहिते. तुला ते आसामातल्या पक्ष्यांच्या कामाचं बोलावणं आलं होतं. तू स्वयंपाकघरात नाचत आलीस आणि म्हणालीस, "आजी, घरट्याची पूर्ण वही पाठवली ना, की मला घेतील." पूर्ण, हा शब्द मी पकडला. पंचमीच्या आदल्या दिवशी तू म्हणालीस, "उद्या-परवा पिल्लं उडतील. मी सकाळीच कर्जतला जाऊन कार्ड आणते कॅमेऱ्यासाठी, दुपारपर्यंत येते." तू गेलीस. मी चहा प्याले. गोठ्यातून कुदळ घेतली. माझ्या टाळक्यात एवढंच होतं की वही पूर्ण झाली नाही तर पोरगी जाणार नाही. शिकलेल्या माणसाने काहीतरी बरं केलं असतं. रडून दाखवलं असतं, आजारी पडलं असतं. मला रडता येत नाही. कुदळ येते.

आत काय होतं ते मी बघितलं नाही. माती टोपलीत भरली आणि आले.

आणि तू तरीही गेलीस. अर्धी वही घेऊन गेलीस आणि त्यांनी तुला घेतलं. म्हणजे मी ते फुकट केलं. हे कोणाला सांगता येत नाही. प्रवीणला सांगितलं तर तो म्हणेल, आये, पक्षीच होता ना. हर्षदसारखा.

माफी मागत नाही. मागितली तर तुला द्यावी लागेल नाहीतर नाही म्हणावं लागेल, दोन्ही तुझ्या डोक्याला ताप. फक्त खोटं बोलले होते, ते मागं घेते.

आता ऊन पडलंय थोडं. बाविसावी खेप झाली.

आजी


शनिवार, २३ ऑगस्ट

भाविके,

तुझं कार्ड परवा मिळालं. टपालवाला दारातूनच ओरडला, "आजी, आसाम आलं!" जनी धावत आली, पडवीत आत आली, वाचून दाखव म्हणाली. मी म्हटलं, घरगुती आहे. ती बसली तरी, चहा पिऊन गेली. आता येते रोज.

तिला दाखवलं नाही, कारण दाखवण्यासारखं किती होतं त्यात. चार ओळी लिही म्हटलं होतं, मोजून चार लिहिल्यास. "आजी, पत्रं मिळाली. पंचमी होती हे मला त्याच दिवशी कळलं होतं. पिल्लं किती होती? वहीत तेवढाच रकाना रिकामा आहे."

त्याच दिवशी कळलं होतं. मग बारा दिवस माझ्या हातचं जेवलीस कशी?

आधी यंदाचं सांगते. १० ऑगस्टला, रविवारी, पिल्लं उडाली. आदल्या दिवसापासून दोघं मोठी बिळात जाईनात. तोंडात घास घेऊन समोरच्या करवंदीवर बसायची आणि हाका मारायची. पोटाला उपाशी ठेवून बाहेर काढायची रीत आहे त्यांची. पाऊस भुरभुर होता. सातला पहिलं आलं तोंडाशी, बघितलं, परत आत गेलं. साडेसातला आलं आणि उडालं, उडालं म्हणजे पडलं आणि पडता पडता उडालं. त्याच्यामागून दुसरं. तिसरं फार वेळ बसून राहिलं. मोठ्या पक्ष्याने घास दाखवला, हाका मारल्या, मग घास स्वतःच खाल्ला. तेव्हा ते निघालं. त्या तिसऱ्याचा फोटो आहे, सोबत ठेवला आहे. चोच आणि एक डोळा नीट आला आहे. नवीन म्हणाला, "आजी, हा फोटो दुकानात लावतो." मी नाही म्हटलं. तुझ्यासाठी काढला आहे, एकच छापला.

दुपारपर्यंत परड्यात कोणी उरलं नव्हतं. दोन महिने रोज बघायची सवय, दुसऱ्या दिवशीही जाऊन बसले. तिसऱ्या दिवशीही. बिळात आता माश्या जातात-येतात.

गौरी पुढच्या रविवारी. माती जनीच्या बांधावरून आणली. प्रवीण मोदक खायला येणार आहे, आणि परत लिफ्टचं सांगणार आहे.

दोन दिवस कागद पुढ्यात घेऊन बसले आहे. वर लिहिलं ते सगळं पहिल्या दिवशीच लिहून झालं होतं.

चार होती.

मागल्या पत्रात लिहिलं की आत बघितलं नाही, ते खोटं होतं. एकदा खोटं मागं घेतलं तरी थोडं हातात राहतं. तीन कुदळीखाली गेली. चौथं मागं, बिळाच्या पोटात होतं, मातीत अर्धं. पिसं सगळी आली होती, चोच तेवढी तांबडी झाली नव्हती. ते जिवंत होतं. मी ते पदरात घेतलं आणि गोठ्यात कोंड्याच्या डब्यात ठेवलं, वर फडकं टाकून.

तू दुपारी आलीस. दरड बघितलीस. पडवीत येऊन भिंतीकडे तोंड करून बसलीस. तिथून तो डबा वीस पावलांवर होता. ते आतून ओरडत होतं, बारीक. पावसाच्या आवाजात तुला ऐकू गेलं नाही. तुला दिलं असतं तर तू जगवलं असतंस. काय भरवायचं, कसं भरवायचं, तुला सगळं माहीत होतं. पण दिलं असतं तर तू विचारलं असतंस, आजी, कुदळ घालायच्या आधी थांबली का नाहीस? म्हणून दिलं नाही. मी तीनदा गोठ्यात गेले. मला काय ठाऊक, ते काय खातं. मी त्याला दूधभात भरवला. तुला भरवायचे तसा, बोटाने, चोच उघडून. ते खात नव्हतं, तरी भरवला.

दिवे लावायला उठले तेव्हा ओरडणं थांबलं होतं.

रकान्यात चार लिही. तिघांची वेळ सकाळी दहा. चौथ्याची संध्याकाळी सात.

आजी